झाप गेले, ऊन आत आले

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चेन्नईत भर दुपारी माणसाची सावली त्याच्या पायाखालीच राहते. शहर तेराव्या अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलअखेर आणि ऑगस्टच्या मध्यानंतर, नेमका माथ्यावर येतो. मे महिन्यातल्या ज्या कडक दिवसांना तमिळ माणूस ‘अग्निनक्षत्र’ म्हणतो, तेव्हाही सूर्य माथ्यापासून फार ढळलेला नसतो. अशा वेळी भिंतींना तिरपे ऊन लागते आणि छप्पर सगळा मारा झेलते. म्हणून चेन्नईच्या उकाड्याचा विचार करायचा तर तो आधी छपराचा करायला हवा, मग भिंतींचा आणि खिडक्यांचा. आपल्याकडे घर थंड ठेवण्याची चर्चा मात्र बहुधा एसी किती टनाचा घ्यायचा इथून सुरू होते आणि तिथेच संपते. छपरातून आत येणारी उष्णता वरच्यावर अडवता येते. त्यासाठी लागणारा माल तामिळनाडूच्या नारळबागांत ढिगाने पडलेला आहे. तो माल म्हणजे काथ्या. सरकारी पैशाने बांधल्या जाणाऱ्या बैठ्या आणि दुमजली घरांच्या स्लॅबवर काथ्याचा थर घालणे तामिळनाडूने बांधकामाचा नेहमीचा भाग करावा, आणि महाराष्ट्राने ते पाहून आपल्या हाताशी असलेल्या तंतूंकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे.

हे मत कुठून येते ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. चेन्नईच्या परिसरातली, आणि एकूणच तमिळ किनाऱ्यावरची, गरिबाची झोपडी नारळाच्या विणलेल्या चुडतांनी शाकारलेली असे. तिथे या झापांना ‘कीट्रु’ म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मांडवाचे, पडवीचे, गोठ्याचे झाप त्याने पाहिलेले असतात. झाप थंड का असतो? वाळलेल्या पात्यांच्या थरांमध्ये हवा अडकून राहते, आणि अडकलेली, न हलणारी हवा उष्णतेला सहजी पुढे जाऊ देत नाही. जगातला जवळजवळ प्रत्येक उष्णतारोधक पदार्थ, मग तो थर्माकोल असो, काचतंतूंची गादी असो की मेंढीची लोकर, याच एका तत्त्वावर चालतो. पदार्थाचे काम हवेला कप्प्याकप्प्यांत जखडून ठेवण्यापुरते. झोपडीत राहणाऱ्याकडे बाकी काही नव्हते, पण डोक्यावर उत्तम उष्णतारोधक होता.

आणि तोच त्याचा काळही होता. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम इथल्या शाळेत स्वयंपाकघरातली आग झापांच्या छपराला लागली आणि ९४ मुले होरपळून मेली. त्यानंतर शाळांवरची गवता-झापांची छपरे काढण्याचे आदेश निघाले, आणि ते योग्यच होते. झोपडी म्हणजे दर उन्हाळ्यात आगीची धास्ती, दर एक-दोन वर्षांनी शाकारणीचा खर्च आणि पावसाळ्यात गळती. ती सोडून पक्क्या घरात जावेसे वाटणे ही माणसाची साधी, रास्त इच्छा आहे. २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने ‘कलैञरिन कनवु इल्लम’ ही योजना जाहीर केली. २०३० पर्यंत ग्रामीण भागात आठ लाख पक्की घरे बांधून राज्य झोपडीमुक्त करायचे, असे तिचे उद्दिष्ट. घर ३६० चौरस फुटांचे. त्यातल्या ३०० चौरस फुटांवर काँक्रीटचा स्लॅब, उरलेल्या ६० चौरस फुटांवर लाभार्थ्याच्या पसंतीचे, पण आग न धरणारे छप्पर. दर घरामागे साडेतीन लाख रुपये. योजना चांगली आहे. फक्त झापांबरोबर आपण दोन गोष्टी काढून टाकतो, एक आगीचे भय आणि दुसरी उन्हापासूनची आड. पहिली जायलाच हवी होती. दुसरीच्या जागी मात्र काहीच आले नाही.

उघड्या स्लॅबचे वागणे नीट पाहिले की हे नुकसान किती मोठे आहे ते कळते. काँक्रीट उष्णता झटपट पुढे पाठवते आणि भरपूर साठवूनही ठेवते. दुपारी दोनला वर पडलेले ऊन पंधरा सेंटिमीटरचा स्लॅब पार करून खाली उतरायला साधारण चार तास घेते. म्हणजे बाहेर समुद्रावरून वारे सुटतात, उन्हे उतरतात, आणि त्याच वेळी घरातले छत सर्वांत जास्त तापलेले असते. कामावरून परतलेला माणूस त्या छताखाली बसतो, लहान मूल त्याच छताखाली झोपते. चेन्नईची हवा दमट, मे महिन्यात रात्रीचे तापमानही २८ अंशांच्या आसपास रेंगाळते. त्यामुळे तापलेला स्लॅब रात्रभर निवत राहतो आणि पुरता निवण्याआधी दुसरा दिवस उजाडतो. तामिळनाडू सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती म्हणून मान्यता दिली आणि उष्माघाताने मृत्यू झाल्यास कुटुंबाला मदत देण्याची सोय केली. आपत्ती मानली हे बरेच झाले. पण उकाड्याचा त्रास फक्त रस्त्यावर आणि शेतात होत नाही. घरातल्या छताखालीही तो होतो, आणि तिथे त्याची नोंद कुणी घेत नाही.

आता आकडे. छपरातून किती उष्णता आत येते ते ‘यू-मूल्य’ या मापाने सांगतात. आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते, हा त्याचा अर्थ. पंधरा सेंटिमीटरच्या उघड्या स्लॅबचे यू-मूल्य हिशेब करता साधारण ३.३ येते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी जी ‘इको निवास संहिता’ आणली, तिच्यात छपराची मर्यादा १.२ आहे. म्हणजे आपला सर्वसामान्य स्लॅब मर्यादेच्या पावणेतीन पट बाहेर आहे. काथ्याच्या बोर्डची उष्णतावाहकता घनतेनुसार मीटर-अंशाला साधारण ०.०४ ते ०.०५ वॅट असते, थर्माकोलपेक्षा किंचित जास्त, काँक्रीटच्या मात्र तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाएवढी. स्लॅबवर अडीच सेंटिमीटर काथ्या घातला तर यू-मूल्य १.२ च्या आसपास येते, पाच सेंटिमीटर घातला तर पाऊणच्या घरात, म्हणजे मूळच्या चतुर्थांशाहूनही कमी. हे ज्ञान नवे नाही. भारतीय मानक ब्युरोने १९८७ साली इमारतींसाठी जी हस्तपुस्तिका काढली, तिच्या उष्णतावाहकतेच्या कोष्टकात थर्माकोलच्या जोडीला काथ्याचा बोर्ड आहे, भाताचे तूसही आहे. कागदावर ते इतकी वर्षे आहे, गच्चीवर मात्र पोहोचलेले नाही.

गच्चीवर जे जाते ते निराळे. चेन्नईत चुना आणि विटांच्या तुकड्यांचा थर घालून वर चपट्या टाइल्स बसवण्याची जुनी रीत आहे, आपल्या पुण्या-मुंबईकडे विटांचा कोबा असतो. जुन्या ‘मद्रास टेरेस’ छपरांत सागवानी वाशांवर उभ्या विटा चुन्यात बसवत आणि वर चुना-विटांचे जाड थर चढवत, त्या जाडीमुळे उन्हाचा परिणाम बराच लांबत असे. आजच्या पातळ स्लॅबवरचा कोबा पाणी अडवतो, उतार देतो, पण उष्णतेपुरता तो फारसा उपयोगी नाही, कारण वीट ही मुळात उष्णतारोधक नव्हे. ज्यांना परवडते ते गच्चीवर थर्माकोल किंवा पॉलियुरेथेनचा फोम घालतात. उष्णता अडवण्यात हे पदार्थ काथ्याच्या तोडीचे आहेत, फोम तर त्याहून सरस आहे, हे मान्य करायला हवे. पण ते खनिज तेलातून येतात, आणि इमारत पाडली की त्यांचे काय करायचे याचे धड उत्तर कुणाकडे नाही. पेरुंगुडीचा कचरा डेपो पळ्ळिकरणैच्या पाणथळीच्या कुशीत आहे. अशा जागी थर्माकोलचे कण वाढवत नेणे चेन्नईला परवडणारे नाही.

काथ्याची बाजू इथे भक्कम आहे. तामिळनाडू हे देशात सर्वाधिक काथ्या काढणाऱ्या राज्यांपैकी एक, आणि पोल्लाची हे त्याचे मोठे केंद्र. नारळाची सोडणे यंत्रात घालून तपकिरी काथ्या काढायचा, असा तिथला धंदा. त्यातला पुष्कळसा काथ्या आणि त्याहून जास्त भुसा परदेशी जातो. घरांना किती लागेल याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३०० चौरस फूट म्हणजे २८ चौरस मीटर. त्यावर पाच सेंटिमीटरचा थर, घनमीटरला शंभर किलो या घनतेने, म्हणजे सुमारे १४० किलो. हजार सोडणांतून साधारण ८० किलो काथ्या निघतो, म्हणजे एका घराला सतराशे-अठराशे सोडणे पुरतात, वीसेक माडांचे एका वर्षाचे उत्पन्न. आठ लाख घरांना मिळून एक लाख टनांच्या थोडे वर, तेही काही वर्षांत विभागून. देशात दरवर्षी पाच लाख टनांहून अधिक काथ्या निघतो, त्यामुळे हा भार त्याला जड जाणार नाही. आणि माल बनवण्याचे तंत्रही शोधत बसायला नको. काथ्यावर रबराचा चीक फवारून, दाबून, भाजून जो ताठ पण लवचिक ताव बनतो, तो गाद्यांचे कारखाने कित्येक दशके बनवत आहेत. लाखो घरांत लोक त्यावर झोपतात. तोच ताव, थोडा अधिक घट्ट दाबून, छतावर चढवायचा आहे.

यावर पहिला आक्षेप आगीचा येणार, आणि तो कुंभकोणमनंतर हलका घेता येणार नाही. काथ्या जळतो. टंकणखार आणि बोरिक आम्लाने तो सावकाश जळेल असे करता येते, न जळणारा करता येत नाही. म्हणून प्रश्न तो जळतो का एवढाच नसून तो कुठे ठेवला आहे हाही आहे. झापाच्या खाली चूल होती, वर मोकळी हवा होती आणि मध्ये काहीही नव्हते. मी ज्याबद्दल बोलतो आहे तो थर स्लॅबच्या वर आणि सिमेंटच्या थराच्या खाली आहे. खालच्या खोलीतल्या आगीला आधी पंधरा सेंटिमीटर काँक्रीट पार करावे लागेल, वरून पडलेल्या ठिणगीला सिमेंट. दोन्हीकडून बंद असल्यामुळे जळायला लागणारी हवाही त्याला पुरेशी मिळत नाही. उलट कारखान्यातून आलेला म्हणून एखादा पदार्थ सुरक्षित ठरत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. ती आग बाहेरच्या आच्छादनातल्या प्लास्टिकच्या गाभ्याने वर चढवली, आणि त्यामागचा फोमही जळला. पण याच कारणाने मी एक मर्यादा स्पष्ट घालतो. काथ्याचे उघडे बोर्ड छताला खालून ठोकू नयेत. पत्र्याच्या घरात तो मोह फार होईल, कारण तिथे वर थर घालता येत नाही. पत्र्याखाली उघडा काथ्या म्हणजे पुन्हा झापच.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि माझ्या मते खरा कस इथे आहे. अडकलेल्या हवेऐवजी तंतूंत पाणी भरले तर उष्णतारोध संपतो, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहते. चेन्नईत ईशान्य मान्सून ऑक्टोबर ते डिसेंबर बरसतो. २०१५ च्या डिसेंबरमधला पूर आणि २०२३ च्या डिसेंबरमधले मिचौंग वादळ त्या शहराच्या आठवणीत ताजे आहेत. तंतूंमध्ये काथ्या निवडण्याचे मुख्य कारण हेच. त्यात लिग्निन हा लाकडाला कणखर करणारा घटक चाळीस टक्क्यांच्या वर असतो, म्हणून तो सहजी कुजत नाही. केरळात पांढरा काथ्या काढण्यासाठी सोडणे खाजणाच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालतात, मऊ गर कुजून जातो आणि तंतू शाबूत हाती येतो. त्याच तंतूचे दोर समुद्राच्या पाण्यात वापरले गेले. कापूस, ताग, पेंढा यांना ही परीक्षा झेपणार नाही, त्यामुळे चेन्नईत मी त्यांची शिफारस करणार नाही. तरीही काथ्याला ओला होऊ देणे चालणार नाही. वॉटरप्रूफिंग त्याच्या वर हवे, कडांना ते गुंडाळून घेतलेले हवे आणि गच्चीचा उतार पन्हळीकडे नीट हवा.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा, कारण परदेशी पुस्तके वाचून काम करणारे त्यात चुकतात. थंड देशांत घरातली ऊबदार वाफ बाहेर जाऊ पाहते, म्हणून तिथे वाफ अडवणारा पडदा आतल्या बाजूला असतो. चेन्नईत एसी लावलेली खोली आत थंड आणि बाहेरची हवा बाष्पाने गच्च भरलेली. इथे वाफ बाहेरून आत जाते आणि थंड पृष्ठभागावर तिचे पाणी होते. पडदा म्हणूनच बाहेरच्या बाजूला लागतो. छपरावर वॉटरप्रूफिंग वरच असल्यामुळे हे आपोआप साधते, भिंतींत ते साधणे अवघड आहे. भिंतींत तंतू भरण्याच्या कल्पनेपासून चेन्नईने सध्या तरी दूर राहावे, असे मला वाटते ते यामुळे.

तिसरा आक्षेप अधिक व्यवहारी. गच्चीला पांढरा रंग लावला की ऊन परतते, खर्च थोडा, काम एका दिवसाचे, मग काथ्या कशाला? पांढऱ्या रंगाचे महत्त्व मी कमी करणार नाही. ज्याच्याकडे आज काहीच नाही त्याने आधी गच्ची पांढरी करावी. पण धूळ, शेवाळ आणि पाऊस यांनी तो मळतो, दर काही वर्षांनी पुन्हा लावावा लागतो, आणि ज्या गच्चीवर माणसे वावरतात, कपडे आणि वाळवणे घालतात, तिथे तो लवकर झिजतो. काथ्याचा थर एकदा सिमेंटखाली गेला की त्याला पुन्हा हात लावावा लागत नाही. दोन्ही एकत्र आले तर उत्तमच. काहींना अशीही भीती वाटते की उष्णतारोधक थर रात्री घरातली उष्णता आतच कोंडून ठेवील. थर स्लॅबच्या खाली लावला तर ही भीती रास्त ठरते. वर लावला की स्लॅब मुळात तापतच नाही, कोंडायला उष्णता फारशी उरत नाही, आणि जी असते ती रात्री उघड्या खिडक्यांतून जाऊ शकते. एवढे मात्र खरे की आठ मजली इमारतीत याचा लाभ फक्त वरच्या मजल्याला होतो. पेरुंबाक्कमच्या पुनर्वसन वसाहतीतल्या उंच इमारतींचा उकाडा काथ्याने सुटणार नाही, तिथे खिडक्यांवर सावली आणि खेळती हवा हवी. म्हणूनच मी बैठ्या आणि दुमजली घरांबद्दल बोलतो आहे.

खर्च हा शेवटचा आक्षेप, आणि त्याकडे फक्त घरमालकाच्या खिशातून पाहू नये. मे २०२४ मध्ये तामिळनाडूची विजेची कमाल मागणी २० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. केंद्राच्या २०१९ च्या शीतकरण आराखड्यानुसार देशाची थंडाव्याची गरज २०३७-३८ पर्यंत २०१७-१८ च्या तुलनेत सुमारे आठपट होणार आहे. तामिळनाडूत सौर वीज भरपूर आहे, पण सूर्य मावळल्यावर ती नसते, आणि तापलेला स्लॅब नेमका तेव्हा एसी चालू करायला लावतो. स्लॅब तापूच दिला नाही तर संध्याकाळची ही मागणी काही अंशी उगवणारच नाही. आज ज्या घरात पंखा आहे तिथे उद्या एसी येणार. तो कमी वेळ चालावा याची तरतूद घर बांधतानाच सर्वांत स्वस्तात होते. शिवाय यातला पैसा पोल्लाचीच्या काथ्याच्या कारखान्यांत, तिथे सोडणे वेचणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायांच्या हाती जातो. अर्थात तो धंदाही निर्मळ नाही. काथ्याचा भुसा धुतलेले पाणी जमिनीत मुरून विहिरी खराब करते. काथ्याची मागणी वाढवायची तर त्या पाण्याची व्यवस्था आधी लावली पाहिजे, नाहीतर एका गावाच्या गारव्याची किंमत दुसऱ्या गावाची विहीर मोजेल.

मग अडते कुठे? माल आहे, तंत्र आहे, नियमही आहे. मधला दुवा हवा आहे. सरकारी अभियंता जे दरसूचीत आहे तेच वापरतो, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण उद्या गळले तर जबाबदारी त्याच्यावर येते. फ्रान्समध्ये पेंढ्याच्या गाठींनी बांधलेली घरे कित्येक वर्षे हौशी लोकांचे खूळ मानली जात. २०१२ मध्ये त्यांच्या बांधकामाचे व्यावसायिक नियम मान्य झाले, विमा कंपन्यांना आधार मिळाला आणि शाळांसारख्या सार्वजनिक इमारतीही पेंढ्याने बांधल्या जाऊ लागल्या. पेंढा तोच होता, त्याच्यामागे लेखी जबाबदारी उभी राहिली. चेन्नईत हे काम करायला माणसे आहेत. आयआयटी मद्रास आहे, अण्णा विद्यापीठ आहे, तरमणीला इमारतींच्या मजबुतीवर काम करणारी सीएसआयआरची संस्था आहे, आणि १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेले काथ्या मंडळ शेजारच्या केरळात आहे. दाबल्यावर बोर्ड किती खचतो, पाण्याची टाकी त्यावर पेलते का, दमट हवेत पाच वर्षांनी त्याची वाहकता किती राहते, वाळवी लागते का, या चाचण्या शंभर घरांवर करून निकाल जाहीर केले आणि त्यावरून एक मानक व एक दर ठरवला, तर ठेकेदार उद्यापासून ते काम घेईल.

महाराष्ट्राने हे लांबून पाहण्याचे कारण नाही. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाला दमट हवेची जोड नाही, तिथे काथ्याचाच आग्रह धरायला नको. विदर्भात कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी उभी राहते आणि बरीचशी शेतातच जाळली जाते. तिच्यापासून बोर्ड बनवण्याचे तंत्र मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने विकसित केले आहे. कोकणात काथ्या आहे, साखरपट्ट्यात उसाचे चिपाड आहे, भाताच्या पट्ट्यात तूस आहे. जिथली हवा कोरडी तिथे यातले बरेच काही चालेल, जिथे समुद्र जवळ तिथे काथ्याच चालेल. घरकुल योजनांतून राज्यात दरवर्षी हजारो स्लॅब पडतात आणि त्यांच्याखाली पत्र्याच्या किंवा गवताच्या घरातून आलेली कुटुंबे आपला उन्हाळा मोजतात.

काथ्याचा थर घालायची वेळ घरामागे एकदाच येते, स्लॅब पडल्यानंतर आणि त्यावर कोबा पडण्याआधी. नंतर घालायचा तर कोबा फोडावा लागतो, वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते, आणि ते कुणी करत नाही. तामिळनाडूच्या आठ लाख घरांपैकी पुष्कळांचा पाया अजून खणायचा आहे.